जुन्या बडोद्यासाठी छापील नकाशा की ॲप?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: बडोद्यातल्या तुमच्या मराठी मंडळाला महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्यांसाठी जुन्या शहराचा नकाशा काढायचा आहे. ज्येष्ठ मंडळींना तो छापील हवा आहे. तरुण म्हणतात, कागद आता कोण उघडतं, त्याच पैशात ॲप करू. देणगी एकदाच मिळणार आहे आणि दोन्हीला पुरेल असं वाटत नाही, म्हणून यातलं काय करावं, असं तुम्ही विचारताय.

मी नकाशे आखतो आणि जुन्या बडोद्यात लोकांना पायी फिरवतो. त्या अनुभवावरून सांगतो: नकाशा छापा, त्याच्या जोडीला फोनवर उघडणारी साधी पानं करा, आणि ॲपचा नाद सोडा. असं केलं तर एका देणगीत दोन्ही बसतं. असं का म्हणतो ते जरा सविस्तर लिहितो, कारण काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्हालाच ठरवाव्या लागतील.

आधी अडचण नेमकी कुठे आहे ते बघू. बाहेरगावचा माणूस बडोद्यात येतो, लक्ष्मी विलास राजवाडा बघतो, फत्तेसिंह म्युझियममधली रविवर्म्याची चित्रं बघतो, वेळ उरला तर कमाटीबाग आणि संध्याकाळी सुरसागर तलाव. सुरसागरापासून लहेरीपुरा दरवाजा अगदी जवळ आहे. तरी त्या दरवाज्यातून आत, मांडवीकडे, म्हणजे जुन्या शहराच्या मध्यावरच्या कमानींच्या मंडपाकडे, तो सहसा जात नाही. गेलाच तर दुकानांच्या गर्दीतून थोडं फिरून परततो. त्याच्या हातात फोन असतो, नेट असतं. पण फोनला काही विचारायचं तर आधी नाव ठाऊक असावं लागतं. ज्याने तांबेकर वाडा हे नावच ऐकलेलं नाही, तो ते शोधणार कसं? छापील नकाशा न विचारता दाखवतो. तो उघडला की सुरसागर, न्यायमंदिर, लहेरीपुरा, मांडवी, सेंट्रल लायब्ररी हे सगळं शेजारीशेजारी दिसतं आणि माणूस म्हणतो, इथवर आलोच आहोत तर हेही बघून घेऊ. कुठे जायचं हा निर्णय कागदावर होतो. तिथे पोचल्यावर समोर जे दिसतंय त्याची गोष्ट सांगायला मात्र फोनसारखं साधन नाही. ही कामाची वाटणी एकदा पटली की तुमच्या मंडळातला वाद बराचसा मिटेल.

आता पाहुणा कोण, हे ठरवा. यावर नकाशाचा आकार, भाषा, सगळंच ठरतं. माझ्या पाहण्यात महाराष्ट्रातून येणारी मंडळी बहुतेक वेळा फक्त बडोद्यासाठी येत नाहीत. कुणी केवडियाचा १८२ मीटरचा पुतळा बघायला निघालेले असतात, कुणी गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीच्या दर्शनाला, कुणी नारेश्वरला, कुणी पावागड-चांपानेरला. बडोदं त्यांच्या वाटेवरचं स्टेशन असतं. त्यांच्याकडे एक सकाळ किंवा एक दुपार असते, बरोबर आई-वडील असतात, बॅगा असतात. तुमचा पाहुणा हा असेल तर पूर्ण शहराचा नकाशा काढू नका. अर्ध्या दिवसाची पायी वाट दाखवणारा नकाशा काढा. लग्नकार्याला आलेले नातेवाईक किंवा कलाशाखेचे विद्यार्थी हे तुमचे पाहुणे असतील तर त्यांना जास्त वेळ असतो आणि मग यादी वाढवता येते. दोघांना एकच नकाशा पुरवायला गेलात तर दोघांनाही तो गैरसोयीचा होईल.

यादी करताना मराठी माणसाला बडोद्यात काय सापडतं याचा विचार करा. राजवाड्याची भव्यता तो पाहतोच. पण कमाटीबागेत संकल्पभूमी आहे हे कित्येकांना बागेत जाऊनही कळत नाही. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबियाला गेलेले डॉ. आंबेडकर १९१७ साली संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्याला परत आले. शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी लोकांच्या उतारशाळेतूनही त्यांना बाहेर काढलं गेलं, आणि २३ सप्टेंबर १९१७ रोजी या बागेतल्या वडाखाली बसून त्यांनी आपल्या समाजासाठी आयुष्य वेचायचं ठरवलं. हे ठिकाण प्राणिसंग्रहालयाच्या आणि म्युझियमच्या बरोबरीने ठळक दाखवलं नाही, तर तो नकाशा मराठी माणसासाठी केला असं मी म्हणणार नाही. दांडिया बाजारात अरविंद निवास आहे. १८९३ ते १९०६ या काळात श्री अरविंद बडोद्यात होते आणि बडोदा कॉलेजात शिकवत होते. मांडवीजवळ सेंट्रल लायब्ररी आहे. १९१० साली सयाजीरावांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं उभं करायला घेतलं, त्याचा हा मध्यबिंदू. तिथली पुस्तकांची लोखंडी मांडणी आणि काचेची जमीन बघायला ग्रंथपाल लोक मुद्दाम येतात. कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकात, नंदलाल बोसांची भित्तिचित्रं आहेत.

आणि तांबेकर वाडा. रावपुऱ्यातल्या गल्लीत, बाहेरून साधा वाटणारा लाकडी बांधणीचा अनेक मजल्यांचा वाडा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा. वरच्या मजल्यावर गेलं की भिंती चित्रांनी भरलेल्या: महाभारतातले, कृष्णलीलेचे प्रसंग, आणि त्यांच्याच शेजारी मराठे-इंग्रज लढाईचं दृश्य. पेशवाईनंतरच्या मराठी घरात लोक काय रंगवून घेत होते हे इतकं जवळून बघायला मिळणाऱ्या जागा फार थोड्या उरल्या आहेत. या एका वाड्यासाठी मी नकाशात वेगळी चौकट ठेवीन. गल्लीचं तोंड कसं ओळखायचं, कुठल्या बाजूला वळायचं, हे मोठ्या प्रमाणावर काढून दाखवीन. लोक तिथे पोचत नाहीत याचं मुख्य कारण त्यांना गल्लीच सापडत नाही.

इथेच फोनची एक मर्यादा सांगतो, कारण तरुण मंडळी ही गोष्ट हमखास विसरतात. मोकळ्या आकाशाखाली फोनचं जीपीएस साधारण ५ मीटरच्या आसपास बरोबर असतं. पोळीत, म्हणजे जुन्या शहरातल्या अरुंद गल्लीच्या वस्तीत, शिरलात की दोन्ही बाजूंच्या उंच भिंतींवरून उपग्रहाचे सिग्नल आपटून येतात आणि फोनवरचा निळा ठिपका इकडेतिकडे उड्या मारायला लागतो. रस्त्यावर ५-१० मीटरची चूक चालते. २-३ मीटर रुंदीच्या गल्लीत तेवढी चूक म्हणजे तुम्ही शेजारच्या पोळीत आहात असं फोन सांगतो. अशा ठिकाणी कागदावर काढलेली खूण, म्हणजे "डाव्या हाताला लाकडी झरोक्याचं घर, त्याच्यापुढे देऊळ", जास्त कामाला येते. शिवाय एप्रिल-मेच्या उन्हात फोनचा पडदा दिसत नाही, आणि केवडियाहून येईपर्यंत बॅटरी संपत आलेली असते.

आता कागदावर काय छापायचं आणि फोनवर काय ठेवायचं. माझा नियम असा की जे पाच वर्षांनीही तसंच असेल ते कागदावर, बाकीचं फोनवर. मांडवी आणि तिच्यापासून चार दिशांना जाणारे चार रस्ते, त्यांच्या टोकांना पश्चिमेला लहेरीपुरा, उत्तरेला चांपानेर दरवाजा, पूर्वेला पाणीगेट, दक्षिणेला गेंडीगेट: हा जुन्या शहराचा सांगाडा आहे आणि तो बदलत नाही. इमारत कधीची, कुणी बांधली, हेही बदलत नाही. उघडण्याच्या वेळा, सुट्टीचा वार, तिकिटाचे दर, डागडुजीसाठी बंद असलेला भाग, रस्ता खोदलेला असणं, हे सगळं बदलतं. न्यायमंदिराचंच बघा. सुरसागरासमोरची ती १८९६ची इमारत शंभरएक वर्षं न्यायालय म्हणून ओळखली गेली. २०१८ साली न्यायालय नव्या जागी गेलं. त्याआधी छापलेल्या ज्या ज्या नकाशावर तिच्याखाली "जिल्हा न्यायालय" लिहिलं होतं, तो तो एका झटक्यात शिळा झाला. ज्यावर "न्यायमंदिर, १८९६" एवढंच होतं तो आजही चालतो. म्हणून कागदावर तिकिटाचा दर आणि वेळ छापू नका, कितीही आग्रह झाला तरी.

नकाशा आखायचा कसा, तेही सांगतो. पाया म्हणून ओपनस्ट्रीटमॅपची, म्हणजे लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशाची, माहिती घ्या. ती मोफत आहे आणि छापायला परवानगी आहे. फक्त "© ओपनस्ट्रीटमॅप योगदानकर्ते" हा उल्लेख नकाशावर असावाच लागतो. गूगल मॅपचा स्क्रीनशॉट काढून त्यावर ठिपके मारून छापू नका, ते त्यांच्या अटींत बसत नाही आणि छपाईत धूसरही येतं. क्यूजीआयएस हे नकाशे आखायचं मोफत सॉफ्टवेअर आहे, तुमच्यातल्या एखाद्या इंजिनीअर मुलाला ते थोड्या दिवसांत जमेल. पण त्यातल्या गल्ल्या बरोबर आहेत असं धरून चालू नका. दोघांनी हातात प्रिंट घेऊन प्रत्येक पोळीतून चालायचं, बंद गल्ली कुठली, आरपार जाणारी कुठली, पायऱ्या कुठे, आजोबांना बसायला ओटा कुठे, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह कुठे, हे पेन्सिलीने नोंदवायचं. मग ही दुरुस्ती ओपनस्ट्रीटमॅपवरही चढवा, तिथे मराठी नावासाठी वेगळी जागा आहे. तुमचं मंडळ उद्या हे काम करेनासं झालं तरी ती माहिती सगळ्यांसाठी राहील. गूगल मॅपवर चुकीच्या गल्लीत लागलेल्या पिना दिसल्या तर त्याही सुधारायला सुचवा. बहुतेक लोक शेवटी तेच उघडणार आहेत.

मापाचा हिशेब करा. ए-३ कागद आडवा धरला तर ४२ सेंटीमीटर रुंद आणि २९.७ सेंटीमीटर उंच. १:५००० प्रमाणात एक सेंटीमीटर म्हणजे ५० मीटर, म्हणजे या कागदावर साधारण २.१ किलोमीटर × १.५ किलोमीटर एवढा भाग बसतो. रावपुऱ्यापासून पाणीगेटपर्यंतचं सगळं त्यात येतं. पण या प्रमाणात ३ मीटरची गल्ली कागदावर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची होते, तिच्यात नाव लिहिता येत नाही. म्हणून पुढच्या बाजूला १:५००० चा नकाशा आणि मागच्या बाजूला मांडवीभोवतालचा भाग १:२५०० मध्ये, असं करा. राजवाडा, कमाटीबाग, कीर्तिमंदिर यांच्यासाठी कोपऱ्यात छोटा दिशादर्शक नकाशा पुरे, तिथे लोक रिक्षानेच जातात. उत्तर दिशा वरच ठेवा. पाहुणा पश्चिमेकडून शिरतो म्हणून काही जण पूर्व वर ठेवायला सांगतात. पण फोनवर नकाशा उघडला की उत्तर वर असते, आणि दोन्ही हातात असताना दोन्हींची दिशा एक असली पाहिजे.

घडीचा विचार आखणीच्या आधी. ए-३ च्या तीन घड्या घातल्या की ए-६, खिशात मावणारा. पण मांडवी शहराच्या मध्यावर आहे, आणि तिला कागदाच्याही बरोबर मध्यावर आणलं तर आडवी आणि उभी घडी नेमकी तिच्यावर एकमेकींना छेदतात. कागद सगळ्यात आधी तिथेच फाटतो, शाईही तिथेच तडकते. मी प्रूफवर आधी पेन्सिलीने घड्या आखतो आणि मग नकाशा एक-दोन सेंटीमीटर सरकवतो, जेणेकरून एकही आकडा किंवा नाव घडीवर पडत नाही. कागद चकचकीत आर्ट पेपर घेण्यापेक्षा जाड मॅपलिथो घ्या. उन्हात चमकत नाही, त्यावर पेनाने खूण करता येते आणि घडी जास्त टिकते. अक्षर ८ पॉइंटपेक्षा लहान नको. मुख्य ठिकाणांची नावं मोठी. दरवाजे आणि मांडवी ठिपक्याने दाखवू नका, त्यांचं समोरून दिसणारं छोटं रेखाचित्र काढा. मांडवीच्या चारही बाजूंना तीन-तीन कमानी आहेत. ते चित्र पाहिलं की चौकात उभा असलेला माणूस क्षणात ओळखतो की आपण कुठे आहोत.

भाषेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगतो. मजकूर मराठीत ठेवा. ठिकाणांची नावं मात्र मराठी आणि गुजराती दोन्ही लिपींत द्या. पाहुणा नकाशा स्वतः वाचतो तसाच तो रिक्षावाल्या भाईंना आणि पोळीतल्या काकांना दाखवतोही. दुकानांवरच्या आणि रस्त्यांवरच्या पाट्या गुजरातीत असतात, त्यांच्याशी ताडूनही पाहता येतं. महाराष्ट्राबाहेरच्या लोकांसाठी हिंदी-इंग्रजी आवृत्ती काढायची असेल तर ती वेगळी काढा. एका कागदावर चार भाषा कोंबल्या की नकाशाला जागाच उरत नाही.

आता फोनची बाजू. ॲप का नको? दोन तासांच्या फेरीसाठी कुणी ॲप उतरवून घेत नाही. त्यातून अँड्रॉइडसाठी एक, आयफोनसाठी एक, आणि दरवर्षी नव्या फोनांसाठी दोन्ही अद्ययावत करत राहायचं. देणगी पहिल्या वर्षातच संपते आणि तिसऱ्या वर्षी ॲप उघडत नाही. साध्या वेबपानाला हे काही लागत नाही. प्रत्येक ठिकाणासाठी एक पान करा: वर मोठा आकडा, एक फोटो, चार-पाच ओळी, आजची वेळ आणि तिकीट, आणि ऐकायला दोन मिनिटांचं ध्वनिमुद्रण. ध्वनिमुद्रणावर भर द्या. डोळे इमारतीवर हवेत, पडद्यावर नकोत. मोनो (एकाच वाहिनीच्या) ६४ केबीपीएस दर्जात एका मिनिटाला अर्धा एमबी लागतो, म्हणजे दोन मिनिटांचं निवेदन एक एमबीत बसतं. अशी २० ठिकाणं धरली तरी सगळं मिळून २० एमबी. ते स्टेशनवर किंवा हॉटेलच्या वायफायवर एकदा उतरवून घेता येईल असं बटण पहिल्याच पानावर ठेवा, मग पोळीत नेट गेलं तरी अडत नाही.

आवाज तुमच्याच लोकांचा घ्या. बडोद्याच्या मराठीचा स्वतःचा लहेजा आहे, गुजराती शब्द सहज मिसळलेली ती मराठी पुण्या-मुंबईच्या माणसाला ऐकायला मिळणं हाही वारसाच आहे. दांडिया बाजारात वाढलेल्या एखाद्या आजींनी नरसिंहजीच्या वरघोड्याची (मिरवणुकीची) आठवण सांगितली तर कुठल्याही व्यावसायिक निवेदकापेक्षा ते जास्त मोलाचं. माझी तळमळ इथे आहे. इमारतीचा फोटो कुणीही काढेल, पण ही माणसं आणि त्यांचे आवाज कायम राहणार नाहीत. नकाशा निघायला वर्ष लागो, ध्वनिमुद्रणं या महिन्यापासून सुरू करा. बोलणाऱ्याची लेखी संमती मात्र घ्या.

कागद आणि फोन यांना जोडणारा दुवा म्हणजे क्यूआर कोड, आणि बहुतेक प्रकल्प इथे ढेपाळतात. प्रत्येक ठिकाणाला वेगळा कोड छापलात तर नकाशा काळ्या चौकोनांनी भरून जातो. एकच कोड छापा, तो यादीच्या पानावर नेईल, आणि तिथे नकाशावरचा आकडा दाबला की ते ठिकाण उघडेल. कोड २ सेंटीमीटरपेक्षा लहान नको, भोवती पांढरी मोकळी जागा हवी, रंग काळ्यावर पांढरा न करता पांढऱ्यावर काळाच. कोडमध्ये दुरुस्तीच्या चार पातळ्या असतात, ७, १५, २५ आणि ३० टक्के. घडीच्या कागदासाठी २५ टक्क्यांची घ्या, म्हणजे थोडा चुरगळला तरी वाचला जातो. वेबपत्ता जितका छोटा तितका कोड मोकळा आणि सोपा. कोडशेजारी तोच पत्ता अक्षरांतही छापा. आणि एक ओळ: "फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन करा, पैसे लागत नाहीत." आपल्याकडे क्यूआर म्हटलं की लोक पैसे देण्याचं ॲप उघडतात, त्यातून वेबपान बऱ्याचदा उघडत नाही, आणि कोड खराब आहे असं समजून ते सोडून देतात.

सगळ्यात महत्त्वाचं, कोडमागचा पत्ता तुमच्या मालकीचा हवा. फुकट किंवा मासिक वर्गणीवर कोड बनवून देणाऱ्या सेवा असतात. वर्गणी थांबली की छापलेल्या सगळ्या प्रतींवरचा कोड एकदम मरतो. मंडळाच्या नावाने डोमेन घ्या, एकदम पुष्कळ वर्षांचे पैसे भरून ठेवा (दहा वर्षांपर्यंत भरता येतात), आणि त्याचा पासवर्ड एका उत्साही मुलाच्या फोनमध्ये न ठेवता मंडळाच्या दप्तरात ठेवा. तो मुलगा उद्या कॅनडाला जाणार आहे.

इथवरचं थोडक्यात: पाहुणा ठरवा, अर्ध्या दिवसाची यादी करा, न बदलणारं कागदावर आणि बदलणारं वेबपानावर ठेवा, दोन्हींवर आकडे एकच ठेवा, आणि दुवा स्वतःच्या मालकीचा ठेवा. आकड्यांबद्दल एक जोड: १४ नंबर एकदा तांबेकर वाड्याला दिला की तो कायम त्याचाच. पुढच्या आवृत्तीत एखादं ठिकाण गळालं तर तो आकडा रिकामा सोडा, दुसऱ्याला देऊ नका. जुने नकाशे लोकांच्या घरात वर्षानुवर्षं राहतात आणि तेच घेऊन ते परत येतात.

परवानग्यांचं थोडं. तांबेकर वाडा आणि हजिरा हा जुना मकबरा ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखालची स्मारकं आहेत. तिथे भिंतीवर पाटी किंवा कोडचा स्टिकर स्वतःहून लावायचा नाही, आधी त्यांच्या कार्यालयात अर्ज. इतर वास्तूंवरही खिळा ठोकू नका, समोरच्या दुकानदाराच्या संमतीने त्याच्या काचेवर आतून कागद लावा. चित्रांच्या बाबतीत, आपल्या कायद्यात हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतात. रविवर्मा १९०६ साली गेले, त्यांची चित्रं मोकळी आहेत, पण म्युझियमच्या आत फोटो काढायला आणि म्युझियमने काढलेला फोटो वापरायला त्यांना विचारावं लागेल. नंदलाल बोस १९६६ साली गेले, तेव्हा कीर्तिमंदिरातल्या चित्रांचे फोटो छापण्याआधी लेखी परवानगी घेतलेली बरी. नकाशावर इमारतीचं तुमच्याच चित्रकाराने काढलेलं रेखाचित्र वापरलंत तर हा सगळा त्रास वाचतो, आणि फाइन आर्ट्सचं शिक्षण देणाऱ्या या गावात चांगला हात मिळायला अडचण नाही.

जुना नकाशा आणि आजचा नकाशा एकावर एक ठेवून दाखवता येईल का, असंही तुम्ही विचारलंय. येतो, आणि फोनवरचा सगळ्यात रंगणारा भाग तोच असतो. बडोद्यातल्या सरकारी अभिलेखागारात संस्थानकाळचं दप्तर आहे, त्यात मोडीतलं पुष्कळ आहे. तिथे आणि विद्यापीठात चौकशी करा. जुना नकाशा स्कॅन करून क्यूजीआयएसमध्ये आजच्या नकाशाला टाचायचा तर दोन्हींत न हललेले बिंदू लागतात. मांडवी आणि चार दरवाजे हे नैसर्गिकच ठरतात, पण तेवढ्यावर थांबू नका, कारण जुना कागद सगळीकडे सारखा आकसत नाही. कोपऱ्यांतली जुनी देवळं, सुरसागराच्या घाटाचे कोन असे आणखी दहाएक बिंदू घ्या. हे दुसऱ्या टप्प्याचं काम आहे, पहिली आवृत्ती त्यासाठी अडवून ठेवू नका.

पैशांचं. ऑफसेट छपाईला प्लेटचा खर्च एकदाच येतो, त्यामुळे प्रती वाढल्या की दर उतरतो आणि मोह होतो की एकदम भरपूर छापून घ्यावं. मोहात पडू नका. पहिल्यांदा डिजिटल छपाईवर काहीशे प्रती काढा, एक हिवाळा वापरा, चुका गोळा करा, मग ऑफसेटला जा. देणगीतला एक हिस्सा बाजूला काढून त्याला हात लावू नका. तो पुढच्या वर्षांच्या पानांच्या देखभालीचा. मंडळातल्या दोघांची नावं ठरवा. त्यांनी दिवाळीआधी आणि उन्हाळ्याआधी सगळी ठिकाणं फिरून वेळा, तिकिटं, बंद-उघडं तपासायचं. हे दोघं मिळत नसतील तर वेबपानांवरून वेळा काढून टाका आणि फक्त ऐकण्याचा मजकूर ठेवा. चुकीची वेळ वाचून उन्हात आई-वडिलांना घेऊन बंद दरवाज्याशी उभा राहिलेला माणूस तुमच्या बाकीच्या माहितीवरही विश्वास ठेवत नाही.

वाटप कुठे करता यावर सगळं यश आहे. हॉटेलच्या काउंटरवरचा गठ्ठा तसाच धूळ खातो. गरुडेश्वर आणि नारेश्वरच्या भक्तनिवासात, स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यांकडे, महाराष्ट्रातून सहली काढणाऱ्या गाड्यांच्या व्यवस्थापकांकडे ठेवा. प्रत्येक ठिकाणच्या गठ्ठ्यावरचा कोड थोडा वेगळा ठेवला, म्हणजे पत्त्याच्या शेवटी एक अक्षर बदललं, तर कुठल्या गठ्ठ्यातून लोक खरंच स्कॅन करतात ते तुम्हाला दिसेल आणि पुढच्या खेपेला प्रती कुठे जास्त द्यायच्या ते कळेल. लोकांची नावं-नंबर गोळा करायची काहीच गरज नाही.

छापायला देण्याआधी एक चाचणी जरूर करा. बडोदं अजिबात ठाऊक नसलेल्या दोघातिघांना, त्यातला एक साठीच्या पुढचा, कच्ची प्रत हातात देऊन सुरसागरावर सोडा. तुम्ही मागे चाला आणि तोंड उघडू नका. ते जिथे थांबून नकाशा फिरवतील, जिथे एकमेकांकडे बघतील, तिथे तुमचा नकाशा सुधारायचा आहे. रावपुऱ्यातून तांबेकर वाड्याकडे वळण्याच्या जागी हे नक्की होईल, म्हणून सुरुवात तिथूनच करा. तुमच्यापैकी कुणी रावपुऱ्यात राहत असेल तर त्या गल्लीच्या तोंडाशी आज ओळखीची खूण काय आहे ते इथे कळवा, आणि ठिकाणांची यादी तयार झाली की तीही टाका. कुठली ठिकाणं पायी जोडता येतील आणि कुठल्यांना रिक्षा लागेल, ते मी बघून सांगतो.